दुखतं कुठे, अडतं कुठे

दवाखान्याच्या दाराबाहेर चपला काढायची आपल्याकडे पद्धत आहे, ती माझ्या चांगलीच पथ्यावर पडली आहे. माझ्या खुर्चीतून तो चपलांचा ढीग दिसतो आणि कंबरदुखीच्या माणसाची अर्धी तपासणी तिथेच होऊन जाते. आलेला माणूस सँडलचा बंद सोडवायला कमरेतून वाकतो, की पाय उचलून गुडघ्यावर घेतो, की भिंतीला हात टेकून एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायाची टाच मोकळी करतो? बरोबर आलेला मुलगा खाली बसून बंद सोडवून देतो का? सगळ्यांत बोलकी खूण म्हणजे बंदच नसलेली चप्पल. जुन्या कंबरदुखीचा माणूस नाडीचे बूट, बंदाच्या सँडल हळूहळू सोडून देतो आणि बारा महिने सपात्यांवर येतो. हे तो कधी सांगत नाही. यालाही दुखण्यात धरायचं असतं, हे त्याच्या गावीही नसतं.

खोलीत आल्यावर बोलणं मात्र ठरलेल्या वाटेने जातं. काय होतंय? "मणक्यात गॅप आहे." कधीपासून? "एमआरआय आणलाय ना." मग साडीच्या दुकानाच्या पिशवीतून फिल्म निघते, ट्यूबलाइटसमोर धरली जाते आणि आम्ही दोघंही त्या काळ्या-पांढऱ्या चित्राकडे बघत बसतो. ज्याचं दुखतंय तो राहतो बाजूला.

त्या चित्राबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या नोंदी वेगवेगळ्या अभ्यासांतून गोळा करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या निघाल्या. ऐंशीच्या घरात हे प्रमाण ९६ टक्के. चकती फुगलेली दिसणारे विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४. आणि हे सगळे दुखत नसलेले लोक! केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. म्हणून फिल्म कुचकामी ठरत नाही. नस दबली असेल, गाठ असेल, जंतुसंसर्ग असेल, तर तिच्यावाचून पान हलत नाही. पण ती मणका दाखवते. माणूस जिना कसा उतरतो, रात्री कूस कशी बदलतो, भाचीच्या लग्नाला का गेला नाही, हे तिच्यात उमटत नाही.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं ते जुनाट, अशी आता सर्वमान्य व्याख्या आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली आणि तिच्यात जुनाट वेदनेची पद्धतशीर वर्गवारी आली. तोवर वेदना म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी रोगाचं शेपूट. ताजं दुखणं घरातल्या कुत्र्यासारखं असतं: चोर आला की भुंकतं, आपण जागे होतो, इजा झालेला भाग जपतो. जुनाट दुखण्यात चोर कधीच निघून गेलेला असतो, कुत्रं मात्र पान हललं तरी भुंकतं. दुखणं खोटं नसतं, झोप खरोखरच उडालेली असते. फक्त आवाजाच्या पट्टीवरून घरात काय शिरलंय याचा अंदाज येईनासा होतो. जगात २०२० साली कंबरदुखीने त्रासलेल्यांची संख्या ६१ कोटी ९० लाख होती, असं हीच संघटना सांगते. म्हणजे पुष्कळ घरांत पुष्कळ कुत्री भुंकत आहेत.

मग मोजायचं काय?

जगभर पहिला प्रश्न एकच विचारतात: शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पनेतलं सर्वांत वाईट दुखणं, तर तुमचं किती? सोपा आहे, फुकट आहे, दोन भेटींची तुलना करायला बराही आहे. पण उत्तरं ऐका. कुणी म्हणतं, "बारा लिहा." कुणी म्हणतं, "सोळा आणे." एका आजींनी मलाच उलटं विचारलं, "दहा म्हणजे बाळंतपणाचं धरायचं का गं? मग हे चारच." त्याच दिवशी एका तरुणाने नऊ सांगितलं आणि खिशातला मोबाइल वाजताच झटकन उठून बाहेर गेला. दोघंही खोटं बोलत नव्हते. आजींचा दहाचा आकडा त्यांच्या आयुष्यातून आला होता, त्या पोराचा त्याच्या आयुष्यातून. या दोन आकड्यांची वजाबाकी करून काही हाती लागत नाही.

रोनाल्ड मेल्झॅक या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाला हे फार आधी कळलं होतं. पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर १९६५ साली वेदनेचा 'दारा'चा सिद्धांत मांडणारा हा माणूस. मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूत एक दार असतं आणि ते कमी-जास्त उघडतं, असा तो सिद्धांत. त्याने १९७५ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातून एक प्रश्नावली दिली. तिच्यात आकडे बाजूला ठेवून शब्द होते: वेदनेचं वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द, २० गटांत. रोग्याने आपल्याला लागू पडणारे निवडायचे.

ती यादी वाचताना मला दर वेळी वाटतं, आपल्याकडे शब्दांची काय कमी आहे? गळू ठसठसतं, दाढ ठणकते. नसेतून सणक जाते, पोटात कळ येते. ओझं धरून खांद्याला रग लागते, फार वेळ एका जागी बसून पाय अवघडतात. पाठीत उसण भरते, कंबर धरते, मान आखडते, गुडघा भरून येतो. चमक निघते ती निघून जाते. ठणका मुक्कामाला असतो. "मुंग्या येतात" आणि "बधिर झालंय" यांतला फरक सांगणारी बाई नसेच्या डॉक्टरांचं निम्मं काम करून ठेवते. "उसण भरली" म्हणणारा माणूस सहसा ताज्या, स्नायूच्या दुखण्याबद्दल बोलत असतो, तर "पायातून करंट जातो" म्हणणाऱ्याची नस तपासायला हवी. शब्दांनी दुखण्याचं रूप कळतं. त्या दुखण्याने माणसाचं काय केलं, हे मात्र शब्दांतूनही पुरतं कळत नाही.

त्यासाठी बघावं लागतं. ही साधी गोष्ट शास्त्राच्या चौकटीत बसवली ती सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विल्बर्ट फोर्डाइस यांनी. त्यांचं १९७६ चं पुस्तक या क्षेत्रात पायाचं मानलं जातं. वेदना कुणाला दिसत नाही, दिसतं ते वेदनेचं वागणं: लंगडणं, कण्हणं, झोपून राहणं, गोळी मागणं. आणि वागणं म्हटलं की त्याला वागण्याचे नियम लागू होतात. ज्याचं फळ मिळतं ते वाढतं. कण्हल्यावर गोळी आणि विश्रांती मिळत असेल, तर कण्हणं वाढेल. म्हणून त्यांनी गोळी दुखण्यावर न देता घड्याळावर द्यायला सुरुवात केली. व्यायामही 'दुखेपर्यंत' न ठेवता ठरलेल्या संख्येपर्यंत: आज आठ वेळा म्हणजे आठ, बरं वाटलं तरी आठ, वाईट वाटलं तरी आठ.

पुढे १९८२ मध्ये फ्रान्सिस कीफ आणि अँड्र्यू ब्लॉक यांनी हे वागणं मोजायची रीत बसवली. कंबरदुखीच्या माणसाला दहा मिनिटं बसायला, उभं राहायला, चालायला, आडवं व्हायला सांगायचं, त्याचं चित्रण करायचं आणि पाच गोष्टी किती वेळा दिसतात ते नोंदवायचं. अंग लाकडासारखं ताठ धरून जपून हालणं. बसलेलं किंवा उभं असताना हाताचा टेकू घेणं. दुखरा भाग चोळणं. तोंड वाकडं करणं. सुस्कारा टाकणं. बास. त्यात "आई गं" नव्हतं, ते आपण घालू.

या पाचांत पहिल्या दोन गोष्टी मला सगळ्यांत विश्वासाच्या वाटतात, कारण त्या माणूस स्वतःच्या नकळत करतो. टेकू तर पाहण्यासारखा असतो. ओट्याशी उभ्या राहून भांडी घासणाऱ्या बाईची कंबर दुखत असेल, तर ती पोट ओट्याच्या कडेला टेकवते. गाऊनवर पोटाशी आडवा ओला पट्टा उमटलेला असतो. "घरातलं सगळं करते हो मी, काही अडत नाही," असं ती सांगत असते आणि तो पट्टा दुसरंच सांगत असतो. कणीक उभ्याने मळणं, झाडूला लांब दांडा लावून घेणं, नातवाला उचलायच्या ऐवजी त्यालाच कॉटवर चढायला लावून मांडीवर घेणं, अशा शेकडो तडजोडी बायका करतात. त्यांना त्या 'युक्त्या' वाटतात. काही खरोखर शहाण्या युक्त्या असतातच. काही मात्र हळूहळू शरीराचं अंगण लहान करत नेतात.

घरातली माणसं त्या अंगणाचं कुंपण कसं हलवतात, यावर १९८० साली एक मजेदार प्रयोग झाला. जुनाट वेदनेच्या रोग्यांना मुलाखतीच्या वेळी सांगितलं, की काचेपलीकडून तुमची पत्नी किंवा पती तुम्हाला बघत आहे. दुसऱ्या वेळी सांगितलं, की वॉर्डातला कारकून बघतोय. ज्यांचा जोडीदार दुखणं म्हटलं की धावून येणारा होता, त्यांनी जोडीदार बघत असताना दुखण्याचा आकडा जास्त सांगितला. ज्यांचा जोडीदार फारशी दाद देणारा नव्हता, त्यांचा आकडा उलट उतरला. आपल्या घरांत ही दोन्ही माणसं एकाच छपराखाली भेटतात. सासूबाईंच्या तोंडून "हुश्श" निघायचा अवकाश, सून हातातलं काम घेते. सुनेने "हुश्श" केलं तर? म्हणून ती करतच नाही. पाच खुणांच्या यादीत तिला गुण कमी पडतील आणि तपासणारी अडाणी असेल तर तिला बरी ठरवून मोकळी होईल.

अडाणी मीही होते. शिकत असतानाची गोष्ट. गॉर्डन वॉडेल या स्कॉटिश अस्थिरोगतज्ज्ञांनी १९८० मध्ये कंबरदुखीच्या तपासणीत काही खुणा सांगितल्या, ज्या शरीररचनेने समजावता येत नाहीत. त्यांतली एक अशी: उताण्या झोपलेल्या माणसाचा सरळ पाय तुम्ही वर उचलता, तो थोड्याशा उंचीवर ओरडतो. मग त्याला टेबलाच्या कडेला बसवायचं आणि "तळवा बघू" म्हणत गुडघा सरळ करायचा. कोन जवळजवळ तोच, पण आता तो ओरडत नाही. आमच्याकडे एक ट्रकचालक आला होता, त्याच्यात ही खूण ठळक निघाली. वरिष्ठ म्हणाले, "सोंग आहे." मी वहीत तसंच लिहिलं, वर जरा अभिमानही वाटला पकडल्याचा.

आठवड्याभराने त्याच्या बायकोशी बोलताना उलगडा झाला. त्याला आधी कुणीतरी झोपवून पाय उचलून दाखवला होता आणि बजावलं होतं, "एवढ्याच्या वर गेला तर नस तुटेल, पाय जाईल." त्यामुळे कुणी झोपवून पायाला हात लावला की त्याला पाय जाताना दिसत होता. बसवून तळवा बघणं म्हणजे तपासणी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो सोंग करत नव्हता, घाबरला होता. या खुणा लबाडी पकडायचं यंत्र नव्हेत, असं वॉडेल यांनी स्वतःच नंतर बजावलं आहे, कारण जगभर त्यांचा वापर तसाच होऊ लागला होता. विशेषतः नुकसानभरपाईच्या दाव्यांत. पुढे याच वॉडेल यांनी भीतीवर १६ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. दुखण्यापेक्षा दुखण्याचं भय आणि त्यापायी आपण जे करतो ते माणसाला जास्त लुळं करतं, असं त्यांचं मत होतं. तीसेक वर्षं रोगी पाहिल्यावर माझंही तेच मत आहे.

या भयाला नाव आहे आणि मापही आहे. अमेरिकेतल्या टॅम्पा शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मापात १७ विधानं असतात, गुण १७ ते ६८. हालचाल केली तर इजा होईल, शरीर काहीतरी धोक्याचं सांगतंय, अशा अर्थाची ती विधानं. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ योहान व्लायेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून त्यामागचं चक्र मांडलं. दुखलं, माणसाला वाटलं, काहीतरी भयंकर झालंय, तो ती हालचाल टाळू लागला, टाळल्याने स्नायू बसले, जीव कशात रमेना, मग थोडं केलं तरी जास्त दुखू लागलं, भीती खरी ठरली. दुखलं आणि फारशी भीती वाटली नाही, तर माणूस काही दिवसांत कामाला लागतो आणि बहुतेक वेळा बरा होतो.

पण कागदावरच्या विधानांनी सगळ्यांची भीती पकडता येत नाही. "तुम्हाला हालचालीची भीती वाटते का?" असं विचारलं तर आमचा शेतकरी म्हणतो, "भ्या कशाचं?" म्हणून नेदरलँड्समध्ये रोजच्या कामांच्या सुमारे शंभर छायाचित्रांचा संच तयार झाला. एकेक चित्र हातात द्यायचं आणि माणसाने ते शून्य ते शंभरच्या थर्मामीटरवर ठेवायचं: हे काम माझ्या पाठीला किती घातक? मला ही कल्पना फार आवडते. आपल्याकडे असा संच करायचा तर त्यात विहिरीवरून हंडा भरून आणणं, भाताची लावणी, पाटावर बसून जेवणं, मोटरसायकलला किक मारणं, लोकलच्या गर्दीत लोंबकळणं, पंगतीत वाकून वाढणं, गॅसचा सिलिंडर सरकवणं अशी चित्रं लागतील. मी माझ्यापुरता एक संच मोबाइलवर फोटो काढून जमवला आहे. एका कारखान्यातल्या कामगाराने मोठमोठी ओझी दहा-वीसच्या घरात ठेवली आणि शिंकण्याचं चित्र नव्वदवर. पहिली उसण शिंकतानाच भरली होती. गेली दोन वर्षं तो शिंक आली की दोन्ही हातांनी खांब धरत होता, आणि हे दहापैकी किती या प्रश्नातून मला कधीच कळलं नसतं.

भय स्नायूतही वाचता येतं, बोटांनी. हे तुम्ही स्वतःवर करून बघू शकता. सरळ उभे राहा, दोन्ही अंगठे कमरेत, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या स्नायूंवर ठेवा आणि सावकाश पुढे वाका. वाकायला लागताच ते स्नायू दोरखंडासारखे ताठ होतात, कारण वरच्या धडाचा भार ते पेलत असतात. पण पुरतं वाकून हात लोंबकळू लागले की ते अचानक मऊ पडतात. भार आता पाठीच्या बंधांवर गेलेला असतो, स्नायूंना सुट्टी. १९५० च्या दशकात फ्लॉइड आणि सिल्व्हर या इंग्लंडमधल्या संशोधकांनी स्नायूंमधली वीज मोजून हे दाखवलं. जुनाट कंबरदुखीच्या पुष्कळ माणसांत ही सुट्टी मिळतच नाही. ती माणसं वाकतात, पण स्नायू शेवटपर्यंत पहारा सोडत नाहीत. दिवसभर असा पहारा दिल्यावर संध्याकाळी कंबर भरून येणारच. "मी तर आज काहीच काम केलं नाही, तरी दुखतंय" या तक्रारीचं एक उत्तर इथे आहे.

आता प्रश्नावल्यांकडे वळू, कारण संशोधनाचा गाडा त्यांच्यावरच चालतो. रोलंड आणि मॉरिस यांची १९८३ ची प्रश्नावली २४ विधानांची आहे. "आज" मी कंबरेमुळे घराबाहेर पडलो नाही, कठड्याला धरून जिना चढलो, अशा धर्तीची विधानं, ज्यांवर नुसती खूण करायची. ऑस्वेस्ट्री या इंग्लंडमधल्या गावाच्या नावाची १९८० ची प्रश्नावली दहा भागांची: उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, प्रवास वगैरे. त्यात लैंगिक जीवनावरही एक भाग आहे. आपल्याकडे तो हमखास कोरा येतो. कोरा आला म्हणजे अडचण नाही असं समजणं चूक. दार लावून, बरोबरच्या नातेवाइकाला चहाला पाठवून, एकदा विचारावं लागतं.

परक्या देशातलं माप आपल्या अंगाला कसं होत नाही, याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण सांधेदुखीचं आहे. स्टॅनफर्डला १९८० च्या सुमारास तयार झालेली आरोग्याची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात विचारतात: तुम्ही मांस कापू शकता का? दुधाचा नवा खोका उघडू शकता का? टबमध्ये बसून अंघोळ करू शकता का? आता बारामतीकडच्या एखाद्या माळकरी आजींना हे विचारा. तीनही उत्तरं "नाही" येतील आणि त्यांच्या सांध्यांचा त्यात काही दोष नसेल! २००२ मध्ये दिल्लीच्या संशोधकांनी या प्रश्नावलीचं भारतीय रूप प्रसिद्ध केलं. बाराच प्रश्न, पण कसे? साडी, सलवार, धोतर नेसता-घालता येतं का. उकिडवं बसता येतं का किंवा मांडी घालता येते का. जमिनीवर पडलेला कपडा वाकून उचलता येतो का. नळ उघडता-बंद करता येतो का. रिक्षात चढता-उतरता येतं का. तीन किलोमीटर चालता येतं का. भाजीबाजार करता येतो का. ही यादी वाचली की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो.

महाराष्ट्राचा या कामात खरा वाटा आहे तो भिगवणचा. उजनीच्या पाणफुगवट्यावरच्या रोहित पक्ष्यांसाठी लोक हे गाव ओळखतात; संधिवाताच्या जगात ते दुसऱ्याच कारणासाठी माहीत आहे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या एका कार्यक्रमाखाली इथे घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढ माणसांना विचारलं गेलं, आणि सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायू यांचा काही ना काही त्रास निघाला. दवाखान्यात बसून रोगी मोजले असते तर हा आकडा कधीच हाती लागला नसता. दुखणाऱ्यांपैकी किती जण मुळात दवाखान्यापर्यंत येतात?

यंत्रं आता खूप आली आहेत, त्यांच्याबद्दल थोडक्यात. पावलांचा भार मोजणाऱ्या पट्ट्या आहेत, मनगटावरचे हालचाल-मापक आहेत. मला त्यांचा एकच उपयोग फार वाटतो: दिवसाचा चढउतार दिसतो. जुनाट दुखण्याची कितीतरी माणसं बरं वाटेल त्या दिवशी आठवड्याचं काम उपसतात आणि मग चार दिवस आडवी होतात. दिवाळीची साफसफाई एका दिवसात करून लक्ष्मीपूजन झोपून काढणारी बाई प्रत्येक घरात असते. सरासरी काढली तर तिची हालचाल सर्वसाधारणच निघते. यंत्र नसेल तर साधी वही चालते.

आणि एक चाचणी तर फुकटच आहे. ब्राझीलचे डॉक्टर क्लॉदिओ अराउजो यांनी ती गुण देऊन बसवली: आधार न घेता जमिनीवर बसा, पाच गुण, आधार न घेता उठा, पाच गुण, हात, गुडघा, जे काही टेकाल त्याला एकेक गुण वजा. ती मूळची वेदनेसाठी नाही. पण खुर्चीतून उठण्याच्या पाश्चात्त्य चाचण्यांपेक्षा मला ती आपल्या माणसांसाठी जवळची वाटते. कारण आपल्याकडे 'आता खाली बसवत नाही' हे वाक्य ज्या दिवशी घरात पहिल्यांदा बोललं जातं, त्या दिवसापासून पाट, पंगत, देवघर, भजन सगळं एकदम सुटतं. सत्यनारायणाला यजमानांच्या शेजारी खुर्ची मांडली जाते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

एवढं सगळं मोजायचं कशासाठी? तर उपचार त्यावर ठरतो म्हणून. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक चाचणी झाली. कंबरदुखी ताजी होती. एका गटाला दोन दिवस अंथरुणात झोपवलं, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं, सोसेल तसं रोजचं चालू ठेवा. सगळ्यांत लवकर सुधारला तो तिसरा गट. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांताने १९९७ पासून टीव्हीवरून लोकांना हेच सांगायला सुरुवात केली, की पाठ दुखली म्हणून झोपून राहू नका. तिथल्या लोकांच्या, डॉक्टरांच्या समजुती बदलल्या आणि पाठदुखीपायी होणारे भरपाईचे दावेही उतरले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये तसा बदल दिसला नाही. आपल्याकडे अजूनही "सहा आठवडे बेडरेस्ट, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, जड उचलायचं नाही" अशी चिठ्ठी सर्रास मिळते. सहा आठवड्यांनी 'आता वाका' अशी दुसरी चिठ्ठी कुणी देत नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत जी दहा-दहा वर्षं त्या पहिल्या चिठ्ठीवर जगत आहेत.

अपवाद ठळक आहेत, ते पाठ करून ठेवावेत. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, मोठा अपघात, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच स्थितीत न थांबणारं दुखणं, हे असेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. अशा वेळी फिल्मच आधी.

बाकीच्यांना एक विनंती. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना एमआरआयच्या पिशवीत एक साधा कागदही टाका. गेल्या वर्षभरात दुखण्यापायी सोडून दिलेली तीन कामं त्यावर लिहा; 'चालणं' असं मोघम नको, 'मंडईतून एकटीने भाजी आणणं' असं लिहा. प्रत्येकापुढे ते शेवटचं कधी केलं आणि आता केलं तर काय होईल असं वाटतं, हेही लिहा. लिहिताना घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा, कारण आपण काय सोडलं हे बहुधा त्यांनाच आधी आठवतं. आणि डॉक्टरांनी तो कागद न वाचताच बाजूला ठेवला, तर शांतपणे पुन्हा त्यांच्यासमोर सरकवा.